वाचकांचे प्रश्न : हेड्रियनच्या भिंतीकाठी ८४ मैल

मागील अंकात, रोमन सम्राट हेड्रियनने इंग्लंडच्या उत्तर भागात बांधवलेल्या भिंतीलगतच्या पायवाटेवर एक छोटे टिपण आले होते. न्यूकासलजवळच्या वॉल्सेंडपासून पश्चिम किनाऱ्यावरील बोनेस-ऑन-सॉलवे या गावापर्यंत ही वाट ८४ मैल, म्हणजे सुमारे १३५ किलोमीटर जाते. त्या टिपणावर आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. व्हिसा आणि विमानभाडे यांविषयीचे प्रश्न मुद्दाम वगळले आहेत, कारण त्यांची उत्तरे सतत बदलतात आणि ती अधिकृत ठिकाणीच पाहिलेली बरी.

प्रश्न : आम्ही दोघे ६३ आणि ५९ वर्षांचे आहोत. दर रविवारी सिंहगड चढतो. मुलगा लीड्सला असतो, पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाणार आहोत. ही वाट आम्हाला झेपेल का? (एक दांपत्य, पुणे)

चढाचाच विचार केला, तर काळजीचे कारण दिसत नाही. वाटेवरील सर्वांत उंच जागा म्हणजे विनशील्ड्स क्रॅग्ज. ती समुद्रसपाटीपासून ३४५ मीटरवर आहे. पुणे शहरच तिच्यापेक्षा दोनशे मीटर उंचावर वसलेले आहे. मात्र सिंहगड आपण सकाळी चढता, पिठलं-भाकरी खाऊन दुपारपर्यंत घरी येता आणि पुढचे सहा दिवस पायांना विश्रांती देता. येथे पहिल्या दिवशी २४ किलोमीटर चालून झाले, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच असते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुजलेल्या पावलांवर तेच बूट चढवावे लागतात. पायी वारी केलेले कोणी ओळखीचे असेल, तर त्यांना फोडांविषयी विचारून घ्यावे; त्यांचा सल्ला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा नेमका असतो.

रूढ टप्पे सहा आहेत. वॉल्सेंड ते हेडन-ऑन-द-वॉल १५ मैल, तेथून चोलरफर्ड १५, मग स्टील रिग १२, वॉल्टन १६, कार्लाइल ११ आणि अखेरीस बोनेस १५. हे टप्पे तिशीतल्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून पाडलेले असावेत, अशी माझी समजूत आहे. आपण आठ दिवस घ्यावेत, आणि १६ मैलांचा टप्पा गिल्सलंड येथे निश्चितच तोडावा. चोलरफर्डनंतरचा १२ मैलांचा टप्पा कागदावर सोपा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरार्धात कड्याच्या माथ्यावरून वाट वारंवार खिंडीत उतरते आणि लगेच दगडी पायऱ्यांनी वर येते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला हिशेब आजही तेथे वापरतात : तासाला तीन मैल, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. या हिशेबात उतरणीचा, फोटोंचा आणि गुडघ्यांचा विचार केलेला नाही.

तयारी म्हणून गडाऐवजी सपाटीवर, लागोपाठ तीन दिवस, रोज १५ ते १८ किलोमीटर, नेणार असलेल्याच बुटांनी चालून पाहावे. मध्येच थांबावेसे वाटले, तर फार बिघडत नाही. न्यूकासल ते कार्लाइल ही रेल्वे वाटेच्या दक्षिणेने, बरीचशी समांतर धावते. हेक्सहॅम आणि हॉल्टव्हिसल ही तिच्यावरील सोयीची स्थानके आहेत. शिवाय हंगामात भिंतीलगतच्या ठिकाणांवरून एक बस जाते. तिचा क्रमांक एडी १२२ आहे, आणि इसवी सन १२२ हेच भिंतीचे काम सुरू झाल्याचे साल.

प्रश्न : माझ्या उभ्या पिकातून कोणी वाट काढली, तर मी भांडायला उठेन. तिकडचे शेतकरी परक्या माणसांना आपल्या रानातून कसे जाऊ देतात? त्यांना त्याचे पैसे मिळतात का? (एक शेतकरी, सातारा जिल्हा)

आलेल्या पत्रांमध्ये हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण या वाटेवर चालणारे बहुतेक परदेशी पाहुणे तो विचारतच नाहीत.

शेतकरी ‘जाऊ देतात’ असे म्हणणे पूर्ण खरे नाही. त्यांना अडवता येत नाही. जमीन शेतकऱ्याची असते, परंतु तिच्यावरून जाणाऱ्या ठरावीक पट्टीवर पायी जाण्याचा हक्क सर्वांचा असतो, आणि जमीन विकली गेली तरी तो हक्क तसाच राहतो. आपल्याकडील वहिवाटीशी ही कल्पना मिळतीजुळती आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली शेतरस्त्यातील अडथळा काढण्यासाठी तहसीलदारांकडे दावा करता येतो, हे आपल्याला ठाऊकच असेल. फरक असा, की आपल्याकडचे हे वाद बहुतांशी शेताला शेत लागून असलेल्यांचे असतात. तिकडे तोच हक्क लंडनहून आलेल्या कारकुनाला आणि पुण्याहून आलेल्या दांपत्यालाही आहे. लोकांनी एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, अखंड वापरली आणि मालकाने हरकत नोंदवली नाही, तर सार्वजनिक हक्क निर्माण झाल्याचे कायदा सामान्यतः मानतो. १९४९ च्या कायद्याने परगण्यांच्या कौन्सिलांवर अशा वाटांचे नकाशे तयार करण्याची जबाबदारी टाकली, आणि एखादी वाट त्या नकाशावर आली, की तिच्या अस्तित्वाबद्दल वाद उरत नाही.

हे सर्व सामंजस्याने झाले, असे मात्र समजू नये. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे शेकडो लोक, त्यांत गिरण्या-कारखान्यांतले कामगार बरेच, शिकारीसाठी राखून ठेवलेल्या किंडर स्काउट या पठारावर मालकांची मनाई मोडून चढले. त्या दिवशी राखणदारांशी झटापट झाली आणि पुढे पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्यामागे त्या वातावरणाचा मोठा वाटा होता. त्याच कायद्यातून लांब पल्ल्याच्या पायवाटांची योजना निघाली; पहिली पेनाइन वे १९६५ मध्ये खुली झाली, आणि आपली ही भिंतीकाठची वाट २००३ च्या मे महिन्यात.

पैशांचे म्हणाल, तर माणशी काही मिळत नाही. उलट कुंपणावरील पायऱ्या आणि फाटके दुरुस्त ठेवणे हे मालकाचेच काम असते. कौन्सिलने त्या खर्चाचा निदान चौथा हिस्सा द्यावा, असा नियम आहे. आपण शेतकरी आहात म्हणून आणखी एक तपशील सांगतो. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरण्याची मुभा असते, परंतु पहिल्या नांगरटीपासून चौदा दिवसांच्या आत ती निदान एक मीटर रुंदीची, चालता येईल अशी पुन्हा करून द्यावी लागते, आणि त्या मीटरवर पीक वाढू देता येत नाही. त्यामुळे उभ्या शेतातून भांग पाडल्यासारखी सरळ रेघ गेलेली दिसते. त्या रेघेबाहेर पाऊल टाकण्याचा हक्क चालणाऱ्यालाही नसतो. तंबू ठोकायचा असेल, तर मालकाची परवानगी हवी.

आता फाटकाविषयी, कारण दिवसातून कितीतरी वेळा त्याच्याशी गाठ पडते. तेथे एक प्रकारचे झुलते फाटक असते. अर्धगोल कुंपणाच्या आत त्याची झडप मागे-पुढे हलते, आणि एका वेळी एकच माणूस आत शिरून, कोपऱ्यात सरकून, झडप आपल्यापुढून पलीकडे लोटून बाहेर पडू शकतो. मेंढीला ही युक्ती साधत नाही, म्हणून कडी-कोयंड्याची गरज राहत नाही. पाठीवर मोठी पिशवी असली, की माणसाचीही मेंढी होते. पहिल्या दिवशी मी अशा फाटकात पाठीमागे पिशवी आणि पुढे झडप अशा अवस्थेत अडकलो होतो, आणि पलीकडे एक वृद्ध गृहस्थ अतिशय सभ्यपणे आभाळाकडे पाहत उभे होते. पिशवी काढून डोक्यावर धरावी, हा उपाय त्यांनीच नंतर सांगितला. साधे फाटक मात्र जसे आढळले तसेच ठेवावे : बंद असेल तर बंद करावे आणि उघडे असेल तर उघडेच सोडावे, कारण पलीकडे पाण्यावर जाण्यासाठी शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते.

गुरांबाबतही सावध असावे. दुभत्या जातींचा दहा महिन्यांहून मोठा वळू वाटेच्या कुरणात सोडण्यास बंदी आहे. इतर जातींचा वळू गाईंच्या कळपाबरोबर असू शकतो. वळूपेक्षा वासरे जवळ असलेल्या गाईंपासून अधिक जपावे, विशेषतः बरोबर कुत्रा असल्यास. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. गाई अंगावर आल्याच, तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यावा, असा सल्ला तेथे दिला जातो, कारण कुत्रा पळून सुटतो आणि माणूस सुटत नाही.

प्रश्न : आम्ही किल्ले पाहणारी माणसे. भिंत प्रत्यक्षात किती शिल्लक आहे? तिच्या माथ्यावरून, तटावरून फिरावे तसे, चालता येते का? (एक दुर्गप्रेमी, कोल्हापूर)

पहिल्या दिवशी भिंत जवळजवळ दिसतच नाही, हे आधीच सांगून टाकतो. वॉल्सेंडला सेगेडुनम या रोमन ठाण्याचा चौथरा आहे, तेथील मेट्रो स्थानकावर गमतीने लॅटिन पाट्या लावल्या आहेत, आणि त्यानंतर दिवसभर टाइन नदीच्या काठाने, पुलांखालून आणि जुन्या गोदामांजवळून शहरातून चालायचे असते.

दुसऱ्या दिवशी भिंत पायांखाली असते, परंतु डांबराखाली. १७४५ च्या जॅकोबाइट (म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) उठावात इंग्रज सेनेला तोफा घेऊन न्यूकासलहून कार्लाइलला वेळेत पोहोचता आले नाही, म्हणून नंतर सरकारने लष्करी रस्ता बांधला, आणि त्यासाठी आयता पाया व खडी म्हणून भिंतच वापरली. आजचा बी ६३१८ हा रस्ता मैलोगणिक तिच्या जोत्यावरून जातो. उरलेले दगड चर्चच्या आणि शेतघरांच्या भिंतींत गेले. गडावरचे घडीव चिरे खालच्या वाड्यांत कसे पोहोचतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला लॅनरकॉस्टच्या मठाजवळ उभे राहिल्यावर वेगळे काही वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात न्यूकासलचे टाउन क्लार्क (नगरपालिकेचे प्रमुख अधिकारी) जॉन क्लेटन यांनी भिंतीलगतची शेते एकामागून एक विकत घेतली, दगडांची लूट थांबवली आणि पडझड झालेला भाग रचून घेतला. मधल्या टप्प्यात आज जे दिसते त्यातील पुष्कळसे त्यांच्यामुळे उरले.

तो मधला टप्पा, म्हणजे चोलरफर्डच्या पुढून बर्डॉसवॉल्डपर्यंतचा, पाहण्यासाठीच ही वाट चालावी. व्हिन सिल नावाच्या काळ्या अग्निजन्य खडकाचा कडा उत्तरेकडे सरळ तुटलेला आहे, आणि रोमनांनी भिंत त्याच्या अगदी धारेवरून नेली. सह्याद्रीच्या माणसाला ही निवड पाहताक्षणी पटते. उंची फारशी नाही, परंतु उत्तरेकडून येणारा माणूस लपून येऊ शकत नाही. दर रोमन मैलाला एक छोटी चौकी आणि दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज, अशी आखणी होती; चौक्यांना अभ्यासकांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमांक दिले आहेत. भिंतीच्या दक्षिणेला रुंद खंदक आणि दुतर्फा मातीचे बांध आहेत. मागील बाजूसही खंदक कशासाठी, याचा विचार करीत मी हाउसस्टेड्सच्या ठाण्यात बराच वेळ बसलो होतो. लष्करी हद्दीत आपल्याच मुलखातून कोणी सहज शिरू नये, हा त्याचा एक अर्थ लावला जातो, आणि तो मला पटतो. हाउसस्टेड्सला सैनिकांचे सार्वजनिक शौचकूप फारच चांगल्या स्थितीत आहे. आपल्या गडांवरच्या अशा जागांकडे आपण किती लक्ष देतो, असेही तेथे मनात आले.

माथ्यावरून चालण्यास मनाई आहे. हाउसस्टेड्सच्या पश्चिमेस झाडीतला एक छोटा तुकडा तेवढा अपवाद आहे. १९८७ पासून भिंत जागतिक वारसा आहे, आणि जमिनीखाली दडलेले अवशेष पावलांनी झिजू नयेत म्हणून येथे एक नियम पाळतात, जो आपल्या ट्रेकच्या सवयीच्या अगदी उलट आहे : हिरवळीवरून एकामागे एक न चालता शेजारी-शेजारी चालावे, म्हणजे एकच चर पडत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल जमीन ओली असते, तेव्हा ही वाट सलग चालू नये, अशी विनंती केली जाते.

ज्या खिंडीतील सिकमोरच्या एकाकी झाडाचे छायाचित्र आपण पाहिले असेल, ते झाड आता नाही. २८ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी दोघांनी ते करवतीने पाडले. २०२५ मध्ये त्यांना चार वर्षे तीन महिने तुरुंगवासाची शिक्षा झाली. बुंध्याला पुन्हा कोंब फुटले आहेत.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडीही खात नाही. वाटेवर उपास घडेल का? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उपास घडणार नाही, परंतु चार दिवसांत बटाट्याचा कंटाळा येईल. बहुतेक पबमध्ये भाजलेला अख्खा बटाटा, भाज्यांचे सूप आणि एखादा तरी शाकाहारी ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळतो. अंडी नकोत हे मुक्काम ठरवतानाच कळवावे, कारण शाकाहारी म्हटले की न्याहारीला अंडे पुढे येते. पबचे स्वयंपाकघर पब बंद होण्याच्या बरेच आधी बंद होते. एका संध्याकाळी साडेआठला पोहोचलो, तेव्हा आत माणसे गप्पा मारीत बसली होती आणि चूल मात्र थंड होती. रात्रीचे जेवण म्हणून खारे शेंगदाणे खाल्ले. कड्यावरील टप्प्यात दुकाने फार विरळ आहेत, तेव्हा दुपारचे जेवण सकाळीच बांधून घ्यावे. न्यूकासलमध्ये भारतीय किराणा मालाची दुकाने आहेत, तेथून चिवडा आणि चिक्की घेता येते. दुधाचे पदार्थ भारतातून नेण्यास बंदी असल्यामुळे पेढे-बर्फी पिशवीतून काढून ठेवावी.

प्रश्न : सामान किती घ्यावे, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेने जावे? (एक वाचक, नाशिक)

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी धांदल होत नाही. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. तो आपल्या मावळातल्यासारखा कोसळत नाही. बारीक, थंड आणि आडवा येतो, आणि त्याच्यापुढे छत्रीचा काही उपयोग होत नाही. वारा बहुधा पश्चिमेचा असल्याने बोनेसहून निघालेल्यांच्या तो पाठीवर येतो. तरीही मी वॉल्सेंडहून निघालो, कारण शहर आधी संपवावे आणि चौक्यांचे क्रमांक वाढत जाताना पाहावेत, असे मला वाटले. त्याची किंमत चेहऱ्याने मोजली.

मोठी पिशवी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोहोचवण्याची सोय वाटभर मिळते. ती घेण्यात कमीपणा मानू नये. पाठीवर पाणी, खाणे, पावसाळी जाकीट, नकाशा आणि मोज्यांचा कोरडा जोड एवढे पुरते. मोज्यांविषयी हात आखडता घेऊ नये. वाटेपासून थोडे दक्षिणेला विंडोलांडा हे भिंतीहूनही जुने ठाणे आहे. तेथील ओल्या मातीत १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आहेत. त्यांतल्या एका पत्रात कोणीतरी तेथल्या सैनिकाला मोजे, सँडलचे दोन जोड आणि दोन अंतर्वस्त्रे पाठवल्याचे लिहिले आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही यादी मी माझ्या पिशवीतील सामानाशी ताडून पाहिली; सँडलचा एक जोड तेवढा माझ्याकडे कमी निघाला.

प्रश्न : मी एकटीच जाण्याचा विचार करीत आहे. वय ४४. घरचे घाबरले आहेत. (एक वाचक, रत्नागिरी)

मी ही वाट चाललो त्या दोन्ही वेळा एकट्या चालणाऱ्या स्त्रिया मला भेटल्या, आणि त्यांच्या तक्रारी पावसाच्या व पायांच्या होत्या. वाट फार निर्मनुष्य नाही आणि खुणा चांगल्या आहेत. राष्ट्रीय पायवाटांचे ओकच्या फळाचे चिन्ह खांबाखांबावर दिसते. तरीही धुक्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा जवळ ठेवावा, कारण कड्याच्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. सकाळी निघताना पुढच्या मुक्कामी अंदाजे वेळ कळवावी. पाय मुरगळून अडकल्यास ९९९ किंवा ११२ वर पोलिसांना सांगून पर्वत-बचाव पथक मागवावे. त्यातील माणसे स्वयंसेवक असतात आणि बचावाचे पैसे घेत नाहीत. रुग्णालयात राहण्याची वेळ आली, तर तो खर्च परदेशी पाहुण्यांकडून घेतला जाऊ शकतो, म्हणून प्रवास विमा मात्र अवश्य काढावा.

घरच्यांना वाटते त्याहून वेगळा धोका शेवटच्या दिवशी आहे, आणि तो आपल्याला रत्नागिरीत राहून नवा नाही. कार्लाइलनंतर बर्ग-बाय-सँड्स हे गाव लागते. त्याच्याजवळच्या दलदलीच्या माळावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड १३०७ मध्ये स्कॉटलंडवर चालून जाताना मरण पावला. गाव सोडले, की सॉलवेच्या खाडीलगतच्या खाजणातून सरळ, उघडा रस्ता जातो, आणि उधाणाच्या भरतीला तो पाण्याखाली जातो. पाणी येथवर आले असता पुढे किती खोल असेल, हे सांगणारे फलक रस्त्याच्या कडेला आहेत, परंतु तोपर्यंत बूट भिजलेले असतात आणि भरती वेगाने चढत असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस शक्यतो टाळावेत. भरतीची नेमकी वेळ तेथील कोष्टकातून आदल्या रात्री पाहून ठेवावी, आणि ती दुपारची निघाल्यास कार्लाइलहून पहाटेच निघावे किंवा पाणी ओसरेपर्यंत बर्गमध्येच थांबावे.